कंबर ३३, दुकानात ३२ आणि ३४: पॅन्ट नेमकी कुठे अडते ते कसं शोधायचं

दुकानातला मुलगा विचारतो, "साइज काय?" आणि माझ्याकडे त्याचं सरळ उत्तर नसतं. ३२ची पॅन्ट मांडीत अडते. ओढूनताणून वर घेतली तर चेन लागते, पण खुर्चीवर बसलं की श्वास कोंडतो. ३४ची घातली की मांडी मोकळी, सीट ठीक, पण कंबरेत मागे अख्खी मूठ जाईल एवढी फट. वरून पट्टा आवळावा, तर मागे चुण्यांचा गठ्ठा. ३३ मागितली की उत्तर ठरलेलं, "ह्यात सम आकडेच येतात, साहेब."

मी साताऱ्यात एका पतसंस्थेत काम करतो. दिवसभर खुर्ची, जायला-यायला मोटरसायकल आणि रोज पहाटे अजिंक्यतारा. गेली अठरा वर्षं गडाची चढण सुटलेली नाही. त्यामुळे मांड्या भरल्या, सीट भरली, कंबर मात्र त्या मानाने वाढली नाही. आपल्या गावात अशी माणसं काही थोडी नाहीत. सकाळी गडावर आणि यवतेश्वरच्या घाटात पोलीस-सैन्य भरतीसाठी पळणारी पोरं बघा, तालमीत बैठका मारणारी बघा. माझा भाचा त्यांतलाच. त्याची कंबर ३०, पण ३०ची जीन्स त्याच्या गुडघ्याच्या वर सरकत नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

या त्रासाचा कळस झाला तो चुलतबहिणीच्या साखरपुड्यात. मी ३२ची नवी पॅन्ट घालून गेलो होतो. थोरल्या काकांच्या पाया पडायला वाकलो आणि मागची शिवण गेली. ताईच्या आनंदाच्या दिवशी मी दोन तास भिंतीला पाठ लावून उभा होतो. जेवणाच्या पंगतीत वाढायलासुद्धा जाता आलं नाही, ते मला फार लागलं. दुसऱ्या दिवशी ती पॅन्ट घेऊन राजवाड्याजवळच्या बोळातल्या आमच्या टेलरमास्तरांकडे गेलो.

मास्तरांनी पॅन्ट उलटी केली, फाटलेली शिवण खिडकीपाशी धरली आणि बोट ठेवून दाखवलं. कापड फाटलेलं नव्हतं, टीप तुटली होती. मागची शिवण जांघेपाशी वळण घेते. तिथे कापड तिरकं असतं, त्यामुळे ते ताणतं, पण साधी टीप तेवढी ताणत नाही. वाकताना कापडाने साथ दिली आणि दोऱ्याने सोडली. मग ते म्हणाले, "तुमी कमरंचा आकडा धरून पॅन्ट घेताय, तितंच चुकतंय. कंबर म्या दहा मिन्टात बारीक करून दीन. सीट कुठनं आणू?"

मला जे सांगायचंय ते त्यांच्या या बोलण्यातच आलं. जे नंतर बदलता येत नाही ते अंगाला बघून घ्यायचं आणि जे बदलता येतं ते मास्तरांकडे द्यायचं. पण हे साधायचं तर आपली पॅन्ट कुठे अडते ते आधी कळायला हवं.

३२ किंवा ३४ हा आकडा आपण कंबरेचा समजतो, पण त्याच्या पोटात आणखी मापं दडलेली असतात. कंपनी एक नमुना अंग धरते. एवढी कंबर असेल तर सीट एवढी, मांडी एवढी, जांघेची खोली एवढी. पुढचा साइज काढताना कंबर २ इंचांनी वाढवली की सीटही त्याच बेताने वाढते आणि मांडी साधारण तिच्या निम्म्याने. तुमचं अंग त्या नमुन्याच्या प्रमाणात असेल तर ३३ कंबरेलाही ३२ किंवा ३४ थोडीफार जमून जाते. प्रमाण वेगळं असेल तर नेमकी ३३ मिळाली तरी ती बसणार नाही. मी एकदा ३३ची जीन्स मुद्दाम मागवून पाहिली. कंबर सुरेख बसली, मांडी तशीच घट्ट. तेव्हा लक्षात आलं की मी इतकी वर्षं 'दोन साइजच्या मधला' नव्हतोच. माझी कंबर एका साइजची आहे आणि मांडी दुसऱ्या.

त्यातून तो नमुना कुणाच्या अंगावरचा, हाही प्रश्न आहे. तयार कपड्यांच्या धंद्यात आपल्याकडे बराच काळ अमेरिकी आणि ब्रिटिश मापांचे तक्ते फिरवून वापरले गेले. भारतीय अंगाची स्वतःची मापं असावीत म्हणून निफ्टने (राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने) 'इंडियासाइज' हे सर्वेक्षण हाती घेतलं. दिल्ली, मुंबई, कोलकाता, बेंगळुरू, हैदराबाद आणि शिलाँग या सहा शहरांत १५ ते ६५ वयाच्या २५ हजार लोकांची मापं त्रिमिती स्कॅनरने घ्यायची, असा तो बेत. तेव्हा पॅन्ट बसत नाही म्हणून आपल्या अंगाला बोल लावण्याचं काही कारण नाही.

आता तपासणी. यासाठी टेप लागते आणि पहिली चूक तिथेच होते. मी आईच्या शिवणाच्या डब्यातली कापडी टेप वापरत होतो. मास्तरांच्या लोखंडी पट्टीशेजारी ती ठेवली, तर २४ इंचांत जवळजवळ अर्ध्या इंचाचा फरक निघाला. कापडी टेप वर्षानुवर्षं ताणून लांबते, त्यामुळे तिच्यावर माप नेहमी कमी दिसतं. आधी घरातली टेप स्टीलच्या पट्टीशी ताडून बघा. फरक दिसला तर फायबरची नवी घ्या, फार महाग नसते.

कंबर मोजायची ती जिथे तुम्ही पॅन्ट घालता तिथे. बेंबीवर घालणारा आणि बेंबीखाली चार बोटं घालणारा, यांची दोन मापं येतात. सकाळी उपाशीपोटी मोजू नका. दुपारच्या जेवणानंतर, बनियनवर, पोट आत न ओढता मोजा. माझ्या सकाळच्या आणि संध्याकाळच्या मापात पाऊण इंचाचं अंतर पडतं. म्हणजे मी ३३चा आहे हेसुद्धा निम्मंच खरं होतं. सीट मोजताना टेप मागच्या सर्वांत भरलेल्या भागावरून, जमिनीला समांतर फिरवा. मांडी जांघेच्या लगेच खाली. खोलीचं माप बहुतेक जण घेतच नाहीत, पण मोटरसायकलवर बसणाऱ्याला तेच सर्वांत महत्त्वाचं. लाकडी खुर्चीवर ताठ बसा आणि बाजूने कंबरेपासून फळीपर्यंत टेप सरळ खाली सोडा.

यानंतर कपाटातली सर्वांत सुखाची पॅन्ट काढा. प्रत्येकाकडे अशी एक तरी असते. कितीही जुनी झाली तरी टाकवत नाही. ती पलंगावर नको, फरशीवर सपाट पसरा, बटण लावा आणि कंबर, सीट, मांडी, जांघेपासून कंबरेपर्यंतची पुढची आणि मागची शिवण, आतली लांबी असं सगळं मोजा. घेराची मापं दुप्पट करा. हे आकडे अंगाच्या मापापेक्षा जास्त कामाचे असतात, कारण बसण्या-उठण्यासाठी किती ढिलाई लागते ती त्यांत आलेलीच असते. माझ्या जुन्या पॅन्टची सीट अंगापेक्षा अडीच इंच जास्त निघाली. ३२च्या नव्या पॅन्टमध्ये हीच ढिलाई अर्धा इंच होती. शिवण का गेली त्याचं उत्तर फरशीवरच मिळालं.

घरातल्या ३२ लिहिलेल्या तिन्ही पॅन्टच्या कंबरा मोजल्या. साडेबत्तीस, तेहतीस आणि चक्क चौतीस! बऱ्याच कंपन्या लेबलवरचा आकडा लहान ठेवून कापड मोठं कापतात, म्हणजे घेणाऱ्याला बरं वाटतं. शिवाय कारखान्यात कापडाचे कितीतरी थर एकावर एक ठेवून एकदम कापतात, त्यात थोडा फरक पडतोच, आणि शिवणाऱ्याच्या हाताने आणखी पडतो. अर्धा इंच इकडेतिकडे चालवूनच घेतात. म्हणून दुकानात एकाच साइजचे, एकाच रंगाचे दोन नग घालून बघा. आणि काळी व निळी जीन्स एकच समजू नका. जीन्सची धुलाई शिवून झाल्यावर होते आणि प्रत्येक छटेची धुलाई वेगळी, त्यामुळे आटणंही वेगळं.

ट्रायल रूममध्ये नुसतं आरशासमोर उभं राहून काही कळत नाही. बसा, वाकून बुटाची नाडी बांधा, एक पाय स्टुलावर ठेवा. गाडीवर टांग टाकताना पाय जेवढा उचलता तेवढा उचला. मग चुण्या वाचा. मास्तरांनी मला हे वाचायला शिकवलं आणि तेव्हापासून निम्मी दगदग वाचली.

बाजूचे खिसे कान टवकारल्यासारखे उघडे राहिले तर सीट कमी आहे. जांघेपासून दोन्ही बाजूंना आडव्या-तिरक्या रेघा फुटल्या तर मांडीत किंवा पुढच्या भागात कापड कमी. मागे, बेल्टच्या (पॅन्टच्या कंबरपट्टीच्या) लगेच खाली आडवी घडी पडते तेव्हा आपण 'कंबर ढिली आहे' म्हणतो. पण तसं नसतं. सीट घट्ट असली की कापडाला खाली जागा मिळत नाही, ते वर कंबरेच्या निमुळत्या भागाकडे सरकतं आणि तिथे गोळा होतं. याउलट पट्टा आवळल्यावर मागे उभ्या चुण्या पडल्या तर मात्र कंबरच मोठी. सीटच्या खाली, मांडीच्या मागे कापड लोंबत असेल तर तिथे फाजील कापड आहे. बसल्यावर मागचा बेल्ट खाली ओढला जाऊन पाठ उघडी पडते? मागची शिवण लांबीला कमी आहे. ती पॅन्ट तिथेच परत ठेवा, कितीही आवडली तरी. यावर मास्तरांकडेही धड इलाज नाही.

तर आडव्या घडीवाला आणि खिसे उघडणारा माणूस वरच्या साइजकडे जाणार. उभ्या चुण्यावाला खालचा साइज घालून बघणार, आणि सीट-मांडी तिथे अडली तर वरचाच घेऊन कंबर बारीक करून घेणार. माझं हेच ठरलंय: ३४ घ्यायची आणि कंबर दीड इंच आत.

आता मास्तरांकडे काय होतं ते. फॉर्मल पॅन्टची रचनाच मुळात दुरुस्तीसाठी केलेली असते. तिचा बेल्ट, म्हणजे कंबरेची पट्टी, मागे मधोमध जोडलेली असते आणि मागच्या शिवणीत माया ठेवलेली असते. शिवणीच्या आत राखून ठेवलेल्या जास्तीच्या कापडाला आपल्या भाषेत किती सुंदर शब्द आहे हा! मास्तरांनी मधला लूप उसवला, बेल्टची टीप काढली, शिवण वरून चार-पाच इंच उघडली आणि दोन्ही बाजूंना दाबून ठेवलेलं कापड बोटांनी पसरून दाखवलं. बाहेरचा भाग उन्हाने आणि धुण्याने फिकट झालेला, आतली माया मात्र नव्या कोऱ्या रंगाची. त्यांनी खडूने कंबरेपाशी दीड इंच आत खूण केली आणि तिथून रेघ हळूहळू मूळ शिवणीला आणून मिळवली, सीटच्या भरलेल्या भागाच्या वरच. ही रेघ कुठे संपते ते फार महत्त्वाचं. घाईत कुणी ती सरळ खालपर्यंत नेली तर सीटही आवळली जाते आणि तुम्ही पुन्हा ३२च्या दुखण्यात येऊन पडता. म्हणून कापड देताना "फक्त कंबर, सीटला हात लावू नका" असं स्पष्ट सांगा. शेवटी त्यांनी बेल्ट जोडून त्या जोडावरच मधला लूप परत बसवला. बाहेरून कळतसुद्धा नाही.

याला मर्यादा आहे. दीड इंच निर्धास्त, दोन इंच फार तर. त्यापुढे मागचे खिसे एकमेकांच्या इतके जवळ येतात की नजर तिथेच जाते. कंबर वाढवायची असेल तर किती माया आहे त्यावर सगळं अवलंबून. चांगल्या पॅन्टमध्ये इंच-दीड इंच निघतो, स्वस्तातल्या पॅन्टमध्ये ओव्हरलॉकच्या, म्हणजे कडेचे धागे सुटू नयेत म्हणून मारलेल्या टिपेच्या, पलीकडे काही नसतं. त्यामुळे घेण्याआधी दुकानातच पॅन्ट उलटी करून मागची शिवण बघा. लाजू नका. मी आता मोती चौकातल्या दुकानातही आधी पॅन्ट उलटी करतो, मग रंग बघतो.

जीन्सची गोष्ट वेगळी. तिचा बेल्ट अखंड असतो आणि मागची शिवण एकात एक दुमडून दोन टिपांनी पक्की केलेली असते. तरीही काम होतं. बेल्ट मागे मधोमध कापून जोड लूपखाली लपवतात, किंवा मागच्या दोन्ही खिशांच्या वर छोटे टक (शिवून टाकलेल्या निमुळत्या चुण्या) घेतात. पहिली पद्धत जास्त स्वच्छ दिसते. जीन्सचा दोरा जाड असतो, तो आणि तशी सुई ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडेच द्या. साध्या दोऱ्याने मारलेली टीप चार धुण्यांत वेगळी दिसायला लागते. जीन्स मोठी करण्याचा विचार मात्र सोडून द्या.

फरक अर्ध्या इंचाचाच असेल तर एवढंही लागत नाही. फॉर्मलचा हूक किंवा बटण अर्धा इंच सरकवा. सुई-दोऱ्याचं घरचं काम आहे. पाऊण इंचापुढे सरकवलं की चेनची पट्टी तिरकी दिसते, तिथे थांबा. बेल्टमध्ये लपवलेलं इलॅस्टिक असलेल्या फॉर्मल पॅन्टही येतात. सकाळी एक आणि जेवल्यावर एक अशी कंबर असणाऱ्यांना त्या खरंच उपयोगी आहेत. जुन्या लोकांच्या विजारीला नाडी होती, जांघेत वेगळा तुकडा जोडलेला असायचा, म्हणून साइज विचारण्याची वेळच येत नव्हती. शेतात उकिडवं बसून दिवसभर काम व्हायचं.

मांडी घट्ट असेल तर काय? आतल्या शिवणीत माया असली तर पाव-अर्धा इंच मिळतो, नाहीतर काहीच नाही. अशांनी मुळात मोठ्या मांडीचा काट (कट) बघावा. दुकानात स्लिम, रेग्युलर, रिलॅक्स्ड असं लिहिलेलं असतं. ३४ स्लिमपेक्षा ३२ रेग्युलर मांडीत मोकळी निघू शकते. भाच्याला हाच उपाय लागू पडला: रिलॅक्स्ड काटाची ३२, कंबर दीड इंच आत, आणि पोटरीपासून खाली बॉटम बारीक करून घेतली. आता ती स्लिमसारखी दिसते आणि त्याला त्यात धड बसताही येतं. कापडात २ टक्के इलास्टेन (ताणणारा धागा) असेल तर बसताना आराम मिळतो हे खरं, पण तेवढ्यावर विसंबून लहान साइज घेऊ नका. सतत ताणलेलं इलास्टेन गुडघ्याला आणि सीटला लवकर सैल पडतं.

माझ्या बायकोचा अनुभव याच्याही पुढचा आहे. ती शाळेत शिकवते, रोज पॅन्ट-कुर्ती घालते. बायकांच्या कंबर आणि सीटमधलं अंतर बहुधा जास्त असतं, आणि तिच्या पॅन्टवर आकडाही नसतो, नुसतं एम किंवा एल. तिला मागची एक शिवण पुरत नाही. तेवढं सगळं एकाच जागी आत घेतलं तर मागे टोक येतं. म्हणून तिची पॅन्ट मागच्या शिवणीत थोडी आणि दोन्ही बाजूंच्या टकांत थोडी अशी वाटून आत घेतात. मजुरी जास्त पडते, पण पॅन्ट पाठीला चिकटून बसते.

एवढं करूनही जमलं नाही तर शिवून घ्या. ५८ इंच पन्ह्याचं कापड असेल तर एका पॅन्टला साधारण सव्वा मीटर पुरतं. अंगाने भारी असाल तर मास्तरांना आधी विचारा. सुती असेल तर शिवायला देण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून, न पिळता वाळवा. तयार पॅन्टलाही हाच नियम: एकदा धुऊन मगच अल्टरला द्या. मी एकदा धुण्याआधी कंबर आत घेतली आणि पहिल्या धुण्यात ती पुन्हा आटली. शिवून घेताना मास्तरांना दोन गोष्टी सांगा. मागे दीड इंच माया ठेवा आणि जांघेच्या वळणावर दुहेरी टीप मारा. ती सुखाची जुनी पॅन्ट मापाला सोबत न्या. मास्तर टेपने माप घेतीलच, पण ती टेबलावर पसरली की त्यांना जास्त कळतं.

माझी मापं मी एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवली आहेत: पॅन्टची कंबर, सीट, मांडी, पुढची-मागची शिवण, आतली लांबी. ऑनलाइन घेताना अंगाच्या मापाचा तक्ता नको, तयार पॅन्टच्या मापाचा बघतो आणि चिठ्ठीशी जुळवतो. मांडीचं माप दिलेलंच नसेल तर मागवत नाही. वर्षातून एकदा, दिवाळीच्या खरेदीआधी, मापं पुन्हा घेतो.

लांबी सगळ्यांत शेवटी. कंबर आत घेतली की पॅन्ट अर्धा-पाऊण इंच वर बसते, त्यामुळे आधी लांबी कापलेली पॅन्ट नंतर आखूड होते. रोजचे बूट घालून उभे राहा, खूण करून घ्या आणि उरलेलं कापड कापू नका, आत दुमडून हाताने टाके घालायला सांगा. साताऱ्याच्या पावसात चार महिने भिजून-वाळून सुती पॅन्ट जरा वर चढतेच, तेव्हा ते आत दुमडलेलं कापड उपयोगी येतं.